चमचाभर कूट आणि माझा चुकलेला बाण

शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या एका मुलाच्या आईला मी कागदावर चित्र काढून समजावत होतो. शेंगदाणा, बाण, मास्ट पेशी, बाण, हिस्टामिन. तिने विचारलं, "मग डॉक्टर, खिचडीत चमचाभरच कूट घातलं तर त्रासही थोडाच होईल ना?"

"नाही ताई, अजिबात नको," मी म्हणालो. पण तिचं काय चुकलं? माझं चित्र तेच सांगत होतं.

मास्ट पेशीवर रिसेप्टर असतात आणि त्यांवर आयजीई प्रतिपिंडं बसलेली असतात. शेंगदाण्याचं प्रथिन एकाच रिसेप्टरला चिकटून भागत नाही, शेजारचे दोन जोडले जावे लागतात. मग एकावर बसलेलं लिन नावाचं एन्झाइम दुसऱ्यावर फॉस्फेट लावतं आणि त्या खुणेवर सिक नावाचं दुसरं एन्झाइम येऊन बसतं. यातली प्रत्येक जागा रिकामी असेल किंवा भरलेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या साखळीच्या एका मॉडेलमध्ये मूळ घटक फक्त ४, पण त्यांच्या जोडण्यांतून रूपं झाली ३५४ आणि अभिक्रिया ३६८०! एवढे बाण कोण काढणार?

म्हणून बायोनेटजेनसारख्या प्रणालीत बाण काढत नाहीत, नियम लिहितात. "लिन बसलेलं असेल तर शेजारच्या रिसेप्टरवर फॉस्फेट लागेल." बाकीच्या जागांचं काय, हे नियमात सांगावंच लागत नाही. सगळ्या शक्यता संगणक मांडतो. रूलबेंडर हे साधन त्याच नियमांचं चित्र दाखवतं. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक चौकट, आत जोडणीच्या जागा, आणि कोणती जागा कुणाशी जुळते त्याच्या रेषा. सगळं एका पडद्यावर मावतं. गणिताला कायम घाबरलेल्या माझ्यासारख्यालाही मात्रा आणि त्रास यांच्यामधली ही सगळी दारं त्यात दिसली. मात्रेला अर्थ आहेच, पण हिशोब सरळ नाही.

एक लक्षात ठेवा. त्या मॉडेलमध्ये शेंगदाणा नव्हता, प्रयोगशाळेत जोडलेली आयजीईची जोडी होती. तुमच्या मुलाला किती त्रास होईल हे असं कुठलंही चित्र सांगू शकत नाही. ताप, व्यायाम, दमा यांनीही फरक पडतो. घरी थोडं देऊन बघू नका. श्वास लागला, घसा आवळला तर आधी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मग लगेच रुग्णालय.

पुढच्या भेटीत त्या ताईंना मी चौकटींचं चित्र काढून दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग खिचडीत ओलं खोबरंच घालते."