ओझोन आभाळातच बरा

काही शब्द आपल्याला चांगल्या संगतीत भेटतात आणि मग जन्मभर चांगलेच वाटत राहतात. 'ओझोन' हा त्यातलाच एक. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला भगदाड पडतंय हे १९८५ साली जगाला कळलं, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि पुढे हा विषय शाळेत आला. मी मराठी शिकवायची, पण विज्ञानाच्या बाईंनी मुलांकडून काढून घेतलेला निळ्या छत्रीखालच्या पृथ्वीचा तक्ता आमच्या स्टाफरूमबाहेर कित्येक वर्षं होता. ओझोन म्हणजे राखणदार, हे डोक्यात पक्कं.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात माझा भाचा मोठ्या मायेनं एक यंत्र घेऊन आला, तेव्हा त्याला मनातून दोष देता येईना. आमच्या ह्यांना दमा आहे, थंडीत रात्ररात्र उशा टेकून बसतात. "मावशी, हे काकांच्या खोलीत लाव. ओझोन सोडतं. जंतू मरतात, कुबट वास जातो." खोक्यावर 'अ‍ॅक्टिव्हेटेड ऑक्सिजन' असं ठळक छापलेलं, आणि खाली बारीक अक्षरात : तासाला ४०० मिलिग्रॅम ओझोन.

"दोन दिवस थांब रे, जरा वाचते," म्हटलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

तर मंडळी, गोष्ट अशी. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू काही स्वस्थ बसत नाही. समोर येईल त्याच्याशी संयोग पावतो. त्यामुळेच तो जंतू मारू शकतो. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचं पाणी ओझोननं शुद्ध करू लागले. पण पाण्याच्या टाकीत आपण राहत नाही, खोलीत राहतो. त्या तिसऱ्या अणूला जंतू कुठला आणि फुप्फुसाचं अस्तर कुठलं हे समजत नाही. घसा खवखवतो, खोकला येतो, छाती भरते आणि दमेकऱ्याचा दमा उसळतो. आभाळात पंधरा ते पस्तीस किलोमीटरवर तो सूर्याची अतिनील किरणं अडवतो, आणि तिथे श्वास घ्यायला कोणी नाही. वायू तोच, फक्त जागा बदलली.

मग पाटी-पेन्सिल घेऊन बसले. आमची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. आपल्याकडे २००९ च्या मानकांप्रमाणे बाहेरच्या हवेत आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत ओझोन चालतो. त्या हिशेबानं सगळ्या खोलीत मिळून ३.४ मिलिग्रॅम. हे यंत्र तेवढा ओझोन अर्ध्या मिनिटात सोडणार! ओझोन फार टिकत नाही, भिंती-पडद्यांवर विरतो, खिडकीतून जातो, हे सगळं धरलं तरी बंद खोलीत रात्रभर काय होईल ते सांगायला गणिताचे मास्तर नकोत.

अमेरिकेची पर्यावरण संस्था स्पष्ट सांगते की माणसाला अपाय होणार नाही इतक्याच प्रमाणात ओझोन ठेवला, तर घरातली हवा शुद्ध करण्याच्या कामी तो फारसा येत नाही. म्हणजे कामाचा असेल तेव्हा बाधतो आणि बाधत नसेल तेव्हा कामाचा नाही. कॅलिफोर्नियानं तर २०१० पासून घरगुती यंत्रांना दहा कोटी भागांत पाच भाग ओझोन अशी मर्यादाच घातली आहे.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. संत्र्याची साल पिळल्यावर जो फवारा उडतो, त्यातलं सुगंधी द्रव्य फरशी पुसायच्या लिंबाच्या वासाच्या औषधांतही असतं. ओझोन त्याच्याशी मिसळला की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. वास गेला म्हणून आपण खूश, आणि हवेत नवी भर! धूळ तर ओझोननं हटतच नाही.

भाच्याला फोन करून हे सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प होता. "मावशी, मी काकांसाठीच..." "अरे, ते का मला कळत नाही?" म्हटलं. यंत्र परत गेलं. त्याऐवजी त्यानं हेपा गाळणीचं, ओझोन न सोडणारं यंत्र आणलं. ते हवा नुसती गाळतं, तिच्याशी रासायनिक उचापती करत नाही. उदबत्ती मी आता गॅलरीत लावते, आणि रस्त्यावरची वर्दळ कमी असते तेव्हा खिडक्या उघडते. ह्यांचा दमा गेलेला नाही, औषधं आणि फवारा सुरूच आहे. पण त्यात आपल्या हातानं भर घातली नाही, एवढं समाधान.

तुमच्यापैकी कोणाकडे असं यंत्र असेल तर खोक्यावरची बारीक अक्षरं जरूर वाचा. भिंग लागलं तरी चालेल. ओझोन, अ‍ॅक्टिव्हेटेड ऑक्सिजन, असं काही दिसलं किंवा यंत्राजवळ झेरॉक्सच्या दुकानासारखा उग्र वास आला, तर आधी बटण बंद करा. आणि वास येईनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका; नाक फार लवकर सरावतं, फुप्फुसं मात्र सोसत राहतात.