वारशाची बंदूक

बंदूक कधी हाती न धरलेला मराठी माणूसही दिवसातून दोनचार वेळा बंदुकीची भाषा बोलत असतो. सभेत कोणाचे भाषण पडले, की तो फुसका बार ठरतो. घरातले कार्य उरकले, की बार उडवून दिला असे आपण समाधानाने सांगतो. एखाद्याच्या अंगी हट्टीपणा असतो तोही ठासून भरलेला असतो. हे वाक्प्रचार काडतुसाच्या बंदुकीने दिलेले नाहीत. ते ठासणीच्या बंदुकीचे देणे आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतावी, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासावे, तेव्हा कुठे एक बार तयार होतो. ठासण सैल राहिली किंवा दारू सादळली, तर इतक्या खटाटोपानंतर हाती येतो तो नुसता फुस्स असा आवाज.

भिलाईस बदली होऊन आल्यावर या बंदुकीचे दुसरे नाव आमच्या कानी पडले. छत्तीसगढात तिला भरमार म्हणतात. भरा आणि मारा. बस्तरातील चकमकींनंतर जप्त शस्त्रांच्या ज्या याद्या येथील वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे छापून आल्या, त्यांत आधुनिक रायफलींच्या पंक्तीला ही भरमारही हटकून बसलेली असे. आम्ही ती यादी वाचीत असू आणि पान उलटीत असू. थोरले काका वारले आणि ही भरमार आमच्याच घरची निघाली.

रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरी, माजघराच्या खुंटीवर, ती पिढ्यान् पिढ्या होती. परवाना काकांच्या नावे, शेतीच्या संरक्षणासाठी. खंडेनवमीस तिला झेंडूचे फूल वाहावे, कुंकू लावावे. भात आणि नाचणी पिकास आली, की तिने रात्री एकदोन बार काढून रानडुकरांना पिटाळावे, असा तिचा वार्षिक कार्यक्रम. परवानाधारक गेला, की घरात शस्त्र ठेवता येत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक चांगली सोय आहे: परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पुरी केली, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, की हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची वाट मोकळी होते. काका या दोन्ही अटींत केव्हाच बसले होते. परंतु आपल्या पश्चात काय व्हावे याचा अर्ज स्वहस्ते लिहावयाचा, ही गोष्ट जुन्या माणसांच्या स्वभावात बसत नाही. म्हणून प्रश्न आम्हां दोघांपुढे आला: गावी शेती करणारा आमचा चुलतभाऊ, आणि सातआठशे मैलांवर फायली हाताळणारे आम्ही.

उत्तरकार्यासाठी रजा काढून आम्ही गावी गेलो होतो. बंदूक जमा करण्यापूर्वी घरच्या जुन्या गड्याने एक गोष्ट केली, ती येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. कारण अशा बंदुका आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी असतील. त्याने घोड्याला हातही न लावता, नळीच्या तोंडापुढून बाजूला उभे राहून, गज हलकेच आत सोडला. तोंडाशी आला तेथे बोटाने खूण धरली. मग तो बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूस लावून पाहिला. गज चार बोटे कमी पडत होता. आत बार भरलेला होता. काकांनी शेवटच्या खेपेस ठासला, डुकरे त्या रात्री आली नाहीत, आणि मग आजारपणात तो तसाच राहून गेला. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षे मरत नाही. तोवर घरातील मुले त्याच खुंटीखाली गोट्या खेळत होती. चुलतभाऊ मटकन खाली बसला.

पुढचे काम जिल्ह्यातील एका परवानाधारक कारागिराने केले. काना, म्हणजे बत्ती आत पोचते ते भोक. त्यातून पाणी सोडून त्याने आधी दारू निर्जीव केली आणि मग पेचाच्या गजाने सारा बार उपसून काढला. हे घरच्या माणसाने करून पाहण्याचे काम नव्हे. नंतर त्याने बंदुकीची दुखणी एकेक करून सांगितली. टोपी ज्या पोकळ खुंटीवर बसते तिचे भोक काजळीने बुजले होते, म्हणून टोपी फुटली तरी ठिणगी आत जात नसे. घोड्याची कमान मऊ पडली होती, म्हणून कित्येकदा टोपीही फुटत नसे. घोडा अर्ध्यावर रोखून धरणारी खाच झिजली होती. हे दुखणे सर्वांत वाईट, कारण तिच्या भरवशावरच माणूस भरलेली बंदूक घेऊन बांधावरून चालतो. दारू जळल्यावर जी राख मागे राहते ती हवेतील ओल ओढून घेते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात तिने नळीच्या बुडाशी थोडी खरवड केली होती. प्रत्येक वापरानंतर ऊन पाण्याने धुवावी, कोरडी करावी, तेल द्यावे, एवढ्यावर ती अजून चालली असती.

चुलतभावाचे समाधान झाले नाही. "दादा," तो म्हणाला, "इतका खर्च करायचाच, तर मागून काडतूस घालायची सोय करून घेऊ. पावसात चिंधी, दारू, टोपी कोण सांभाळीत बसणार?" आमच्या मनात वेगळेच होते. ती आहे तशी भिलाईस न्यावी, बैठकीत टांगावी, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास पणजोबांची बंदूक म्हणून दाखवावी. म्हणून जुन्या वस्तूस हात लावणे म्हणजे तिचा वध करणे, असे एक लहानसे व्याख्यान आम्ही त्याला ऐकवले.

त्या व्याख्यानाला उत्तर बंदुकीनेच दिले. कारागिराने घोड्याच्या पट्टीवरील बुजवलेली भोके बोटाने दाखवली. तेथे पूर्वी रंजक ठेवण्याची वाटी होती. म्हणजे आमची बंदूक मुळात गारगोटीची, आणि कोणा पूर्वजाने ती टोपीवर आणून घेतलेली. या युक्तीची कुळकथा मोठी गमतीची आहे. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यास शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी रंजकावर पडून भडका उडाला, की पक्षी बार सुटण्यापूर्वीच सावध होत. म्हणून त्याने आघाताने पेटणारे रसायन वापरण्याची रीत शोधली आणि १८०७ साली तिचा हक्क नोंदवला. तांब्याची टोपी तिच्यातूनच पुढे आली. उघड्या वाटीतले रंजक भिजते, झाकलेली टोपी सहसा भिजत नाही. कोकणच्या पावसात पीक राखणाऱ्यास याहून मोठी सुधारणा कोणती? ज्या बंदुकीचे पावित्र्य राखण्यासाठी आम्ही बोलत होतो, ती आमच्या पूर्वजांनीच गरज पाहून बदलली होती.

मात्र सुधारणा हा शब्द ऐकून लगेच मान डोलवावी असेही नाही. ती कोणाची आणि कोणासाठी, हे आधी विचारावे. १८५३ ची एनफील्ड रायफल, जिच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, तीही ठासणीचीच होती. नळीच्या आतील आट्यांमुळे गोळी फिरत जाई आणि दूरवर नेमकी लागे. उठाव शमल्यावर हिंदी शिपायांसाठी तिचीच एक आवृत्ती काढण्यात आली, जिच्यातील आटे खरवडून नळी गुळगुळीत केलेली होती. इकडे १८६६ पासून जेकब स्नायडरच्या पद्धतीने हजारो एनफील्ड मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या, त्या प्रथम गोऱ्या पलटणींसाठी. पुढे लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसास शस्त्रासाठी परवाना लागू झाला. युरोपियांना त्यातून सूट होती. एकाच बंदुकीला एकाने पुढे नेले आणि दुसऱ्यासाठी मागे ओढले.

स्नायडरने केले ते आमच्या बंदुकीस का करू नये, हा चुलतभावाचा प्रश्न घेऊन आम्ही भिलाईस परतलो. येथे लोखंडाविषयी सल्ला मागण्यास फार दूर जावे लागत नाही. ज्या गावात पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि जेथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ ओतला-लाटला जातो, तेथे शेजारीच कोणी ना कोणी जाणता निघतो. आमचे शेजारी आयुष्यभर भट्टीपाशी काम करून निवृत्त झालेले. त्यांनी नळीचे छायाचित्र निरखले आणि विचारले, "साहेब, ही नळी एकसंध पोलादाची आहे, की पट्टी गुंडाळून सांधा ठोकलेली?" जुन्या नळ्या बहुधा घडीव लोखंडाच्या, पट्टी तापवून सळईभोवती वळावयाची आणि कडा ठोकून जुळवावयाच्या. त्या लोखंडात मळीचे धागे असतात. काळ्या दारूचा दाब ते सोसते. आजच्या काडतुसातील धूर न करणारी दारू त्याहून कितीतरी अधिक दाब देते. तेव्हा सांधा उसवतो, आणि उसवतो तो धरणाऱ्याच्या डाव्या हातात. "नळी बदला, घोडा बदला, बूड बदला, मग काडतूस घाला," ते म्हणाले, "पण मग वडिलांचे राहिले काय? लाकूड?"

कायद्याचे पुस्तक आम्ही स्वतः उघडले. तेवढा एक व्यवसाय आम्हांस येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम विनापरवाना दुरुस्ती करण्यास जसे मनाई करते, तसेच रूपांतर करण्यासही. चुलतभावाचा बेत येथेही अडत होता. मग आम्ही आमच्या बेताकडे वळलो. पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांस सूट आहे, पण दुरुस्ती करूनही वा न करताही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच शस्त्राला. आम्ही ते वाक्य दोनदा वाचले. आमच्या भिंतीवर तिला बिनपरवाना टांगावयाची, तर आधी ती मेलेली असली पाहिजे. आणि आमची तर नव्या कमानीवर, नव्या खुंटीवर, धुऊनपुसून आणखी एक पिढी जगण्यास तयार होती.

आपण बाहेरगावी नोकरी करणारे लोक गावच्या वस्तूंवर फार प्रेम करतो. जाते, पाटा, समई, दौत, सारे आम्हांस बैठकीत हवे असते. ते प्रेम खरे असते. पण त्या वस्तूकडून आपल्याला काम नको असते, साक्ष हवी असते, आम्ही अमक्या घरचे याची. जो तेथे राहिला, त्याला रात्री दोन वाजता शेतात डुकरांचा कळप शिरल्यावर साक्षीपुरावा उपयोगी पडत नाही. त्याला एक मोठा आवाज हवा असतो.

ना हरकतीचे प्रतिज्ञापत्र आम्ही भिलाईच्या नोटरीपुढे केले आणि नोंदणी टपालाने पाठवले. सोबत चुलतभावास चार ओळी लिहिल्या: कमान आणि खुंटी नवी घालून घे, खाच भरून घे, तेवढा खर्च आमच्याकडे, नळीला हात लावू देऊ नकोस, आणि हंगाम संपला, की गज घालून मोजल्याखेरीज ती खुंटीवर ठेवू नकोस. परवाना त्याच्या नावे होण्यास सात महिने लागले. यंदा कार्तिकात त्याचा फोन आला. पहिला बार नीट निघाला होता, नाचणी वाचली होती, आणि मुलांनी कानांवर हात ठेवून तो अंगणातून ऐकला होता.