वहीतला तिसरा रकाना

आमच्या घरी रेडिओखालच्या कोनाड्यात एक लांबट वही असे. ती अण्णांची वही. तीत किराण्याचा आणि दुधाचा हिशेब असे. पण शेवटच्या चार पानांवर वेगळाच हिशेब होता. पट्टीने रेघ मारून अण्णांनी प्रत्येक पानाचे दोन रकाने केले होते. डावा रकाना दादाचा, उजवा माझा. प्रत्येक परीक्षेचे गुण त्यांत लिहिलेले असत. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याला सातवीत गणितात किती गुण होते आणि मी सातवीत गेल्यावर मला किती मिळाले, हे अण्णा बोट ठेवून दाखवत. "बघ, दादा नऊ गुणांनी पुढे आहे," एवढेच म्हणत. ते रागावत नसत; पण ते नऊ गुण मला रात्रभर टोचत.

दादा दहावीत असताना त्याला संधिवाताचा ताप आला. आधी गुडघे सुजले. मग डॉक्टर म्हणाले की हृदयाच्या झडपेलाही इजा झाली आहे. जवळजवळ वर्षभर दादा अंथरुणावर होता. वहीतला डावा रकाना तिथेच थांबला. उजवा मात्र खाली खाली सरकत राहिला. मी दहावी झालो, बारावी झालो, इंजिनिअर झालो. दादाने अंथरुणावर पडल्या पडल्या जुने रेडिओ उघडून ते दुरुस्त करायला शिकून घेतले. पुढे बाजारात त्याने रेडिओ दुरुस्तीचे लहानसे दुकान काढले.

मुलांनो, एक गोष्ट कबूल करतो. दादा मागे पडला म्हणून मला कुठेतरी आतून बरे वाटत होते. आता मला कोणी "दादाकडे बघ" असे म्हणणार नव्हते. कॉलेजात कोणी "भाऊ काय करतो?" असे विचारले, की मी "व्यवसाय करतो" एवढेच सांगून विषय बदलत असे.

१९९२ साली पुढच्या शिक्षणासाठी मी अमेरिकेत पिट्सबर्ग या शहरात गेलो. एके काळी हे शहर पोलादासाठी प्रसिद्ध होते. मी गेलो तेव्हा बहुतेक मोठे कारखाने बंद पडलेले होते. आमच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंचा नवराही अशाच एका कारखान्यातून घरी बसला होता. पण संध्याकाळी टीव्हीवर आइस हॉकीचा सामना लागला, की दोघांच्याही चेहऱ्यांवर तेज येई.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान आणि ध्यानचंद आठवतात. आइस हॉकी मात्र बर्फावर खेळतात. खेळाडूंच्या बुटांना धारदार पाती असतात. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती असते. तिला 'पक' म्हणतात. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू असतात, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. या खेळातला एक नियम लक्षात ठेवा. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो. पण ज्याने पक त्याच्याकडे सरकवला, त्यालाही एक गुण मिळतो. त्याच्याही आधी ज्याने तो पुढे दिला, त्यालाही मिळतो. हे साहाय्याचे गुण. नियम मी ऐकला आणि विसरलो.

माझ्याच खोलीत एक कॅनडाचा मुलगा राहत असे. तो एडमंटन शहराचा. त्याच्या पलंगावर वेन ग्रेट्झ्कीचे चित्र होते. पिट्सबर्गचा वीर होता मारिओ लेम्यू. मी पिट्सबर्गचे मीठ खात होतो, म्हणून मी लेम्यूची बाजू घेतली. दोघांत श्रेष्ठ कोण, यावर आमची रोज रात्री भांडणे होत.

ग्रेट्झ्कीचा जन्म १९६१ साली कॅनडातल्या ब्रँटफर्ड या गावी झाला. हिवाळ्यात त्याचे वडील घराच्या मागच्या अंगणात पाणी सोडून त्याचा बर्फ करत आणि त्या बर्फावर हा मुलगा तासन्‌तास खेळे. गॉर्डी हाऊ या थोर खेळाडूचा ९ हा क्रमांक त्याला हवा होता. संघातल्या दुसऱ्या मुलाने तो आधीच घेतला होता, म्हणून याने ९९ घेतला. एडमंटनला त्याने चार वेळा स्टॅन्ली कप जिंकून दिला. १९८१-८२ च्या हंगामात त्याने ९२ गोल केले आणि १९८५-८६ मध्ये २१५ गुण मिळवले. मग ९ ऑगस्ट १९८८ रोजी मालकाने त्याला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकले. त्या दिवशी पत्रकारांसमोर ग्रेट्झ्की रडला. माझा सोबती सांगे, "आमच्या घरी त्या रात्री कोणी धड जेवलं नाही."

लेम्यूचा जन्म १९६५ साली माँट्रियलला झाला. घरची भाषा फ्रेंच. फ्रेंच भाषेत 'ल म्यू' या शब्दांचा अर्थ 'सर्वांत उत्तम' असा होतो! १९८४ साली तो पिट्सबर्गला आला तेव्हा त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. टीव्हीवरच्या मालिका पाहत तो ती भाषा शिकला. तुम्ही मराठी शिकता तेव्हा हे आठवा. त्याच्या पाठीवर ६६ हा क्रमांक होता. इंग्रजी अंकांत ९९ उलटे धरले की ६६ होतात. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच फटक्याला त्याने गोल केला. १९८८-८९ मध्ये त्याने १९९ गुण मिळवले आणि ग्रेट्झ्कीने १६८. तरीही त्या वर्षीच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान ग्रेट्झ्कीलाच मिळाला. या एका गोष्टीवरून आम्ही किती रात्री जागवल्या असतील!

पण लेम्यूचे शरीर त्याला साथ देत नव्हते. १९९० मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. कधी कधी वाकताच येत नसे. मग दुसरा कोणी त्याच्या बुटांचे बंद बांधून देई. अशा पाठीने त्याने १९९१ आणि १९९२ साली पिट्सबर्गला कप जिंकून दिला.

आणि १९९३ च्या जानेवारीत बातमी आली की लेम्यूला कर्करोग झाला आहे. त्याचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. घरमालकीणबाईंनी त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही. मी रात्री वहीचा विचार करत होतो. आणखी एक डावा रकाना थांबला, असे मनात आले.

पण तो थांबला नाही. महिनाभर किरणोपचार चालले. २ मार्च १९९३ रोजी सकाळी लेम्यूने शेवटचा उपचार घेतला. मग विमानाने तो फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच संध्याकाळी बर्फावर उतरला. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांचे हाडवैर. तिथले प्रेक्षक पिट्सबर्गच्या खेळाडूंना नेहमी हिणवत. त्या दिवशी मात्र सारे सभागृह उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. मी वळून पाहिले, तर माझा सोबती, तो ग्रेट्झ्कीचा कट्टर भक्त, टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"अरे, तू तर त्याच्या विरुद्ध!" मी म्हणालो.

"हिशेबाचा आणि उभं राहण्याचा काय संबंध?" तो म्हणाला.

लेम्यूने त्या सामन्यात एक गोल केला आणि एकाला साहाय्य केले. पिट्सबर्ग सामना हरले, ५-४ असे. तरी घरमालकीणबाईंनी सगळ्यांना केक वाटला. पुढे त्या हंगामाच्या ८४ पैकी अवघ्या ६० सामन्यांत खेळून लेम्यूने १६० गुण मिळवले आणि सर्वांत जास्त गुणांचा मान पटकावला.

काही दिवसांनी सोबत्याने एक जुनी व्हिडिओ कॅसेट लावली. सामना १५ सप्टेंबर १९८७ चा, हॅमिल्टन शहरातला. कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातली निर्णायक लढत. ५-५ अशी बरोबरी आणि दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला. कॅनडाच्या संघात ग्रेट्झ्की आणि लेम्यू दोघेही एकत्र! डावीकडून ग्रेट्झ्की पक घेऊन धावत होता. तो स्वतः फटका मारू शकला असता. पण त्याने पक मागून येणाऱ्या लेम्यूकडे सरकवला, आणि लेम्यूने गोल केला. कॅनडा जिंकला. त्या स्पर्धेत लेम्यूने ११ गोल केले. त्यांतले नऊ ग्रेट्झ्कीच्या साहाय्याने. रात्रभर ज्यांच्यावरून आम्ही भांडत होतो, ते दोघे पडद्यावर एकमेकांना मिठी मारत होते.

"आता सांग, हा गोल कोणाचा?" सोबत्याने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. कारण माझ्या डोळ्यांसमोर वेगळेच दृश्य होते. माझ्या कॉलेजची फी कोण भरत होते? दादाचे दुकान. विमानाचे तिकीट कशातून आले? त्याच दुकानातून. रात्री अकरापर्यंत दिव्याखाली वाकून दादा लोकांचे रेडिओ जोडत बसे. अण्णांच्या वहीत दोनच रकाने होते. साहाय्याचा रकाना तिथे नव्हताच. म्हणून दादाची बाजू कोरी दिसत होती.

त्या रात्री मी दादाला पत्र लिहिले. वहीविषयी लिहिले, माझ्या मनातल्या त्या वाईट आनंदाविषयी लिहिले, "व्यवसाय करतो" असे सांगत होतो तेही लिहिले. पत्र पेटीत टाकल्यावर मला वाटले, टाकायला नको होते. महिन्याने त्याचे निळे हवाई पत्र आले. "एवढे मनाला लावून घेऊ नकोस. मला त्या वहीची कधीच भीती वाटली नाही. तू पहिला आलास की मी दुकानात पेढे वाटत असे, हे तुला कोणी सांगितले नाही वाटते. त्या खेळाडूची पाठ आता बरी आहे का, ते कळव."

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. ग्रेट्झ्की १९९९ साली निवृत्त झाला. १४८७ सामन्यांत ८९४ गोल आणि १९६३ साहाय्ये, असे एकूण २८५७ गुण. त्याचा एकही गोल मोजला नाही, तरी केवळ साहाय्यांच्या बळावर तो आजही सर्वांच्या पुढे आहे. तो लॉस एंजेलिसला गेल्यावर उन्हाच्या कॅलिफोर्नियातही मुले बर्फावरचा हा खेळ खेळू लागली. त्याचा ८९४ गोलांचा विक्रम ६ एप्रिल २०२५ रोजी रशियाच्या अलेक्झांडर ओव्हेच्किनने मोडला. ग्रेट्झ्की तिथे हजर होता आणि त्याने पुढे होऊन त्याचे अभिनंदन केले. १९८९ मध्ये त्याने स्वतः गॉर्डी हाऊचा गुणांचा विक्रम मोडला, तेव्हा हाऊही असाच हजर होता.

लेम्यूची कारकीर्द आजारांनी तोडली. ९१५ सामने, ६९० गोल, एकूण १७२३ गुण. पण भागाकार करून पाहा. दर सामन्याला ग्रेट्झ्कीचे १.९२ गुण आणि लेम्यूचे १.८८! दोघांत केसाएवढेच अंतर. पिट्सबर्गचा संघ कर्जात बुडाला, तेव्हा १९९९ साली लेम्यू त्याच्या मालकांपैकी एक झाला. संघाकडे त्याचा कोट्यवधी डॉलरांचा पगार थकला होता. त्यातल्या मोठ्या रकमेच्या बदल्यात त्याने मालकीचा हिस्सा घेतला, आणि संघ शहर सोडून गेला नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळायलाही उतरला. सिडनी क्रॉस्बी हा नवा मुलगा २००५ साली संघात आला, तेव्हा लेम्यूने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. कर्करोगावरच्या संशोधनासाठी त्याने काढलेली संस्था आजही काम करते. यांतली कोणती गोष्ट गुणांच्या तक्त्यात लिहिता येईल?

दोघांत श्रेष्ठ कोण? माझा सोबती अजूनही ग्रेट्झ्की म्हणतो आणि मी लेम्यू. भांडण मिटलेले नाही. मिटावे असे आम्हांला वाटतही नाही. तुलना करणे वाईट नाही. तुलनेमुळेच आम्ही दोघांचा खेळ बारकाईने पाहिला. पण आपली वही अपुरी असू शकते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९९५ साली मी घरी परतलो. पहिल्याच संध्याकाळी कोनाड्यातून ती वही काढली आणि पट्टी घेऊन शेवटच्या पानावर तिसरा रकाना आखला. दादा हसत बघत होता. मी त्याचे नाव लिहून खाली लिहू लागलो, "कॉलेजची फी, पहिले वर्ष..."

दादाने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

"आधी तुझं लिही," तो म्हणाला. "मी अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा शाळेतून येताना भंगारवाल्याकडचे मोडके रेडिओ माझ्यासाठी उचलून कोण आणायचं?"

मी ते साफ विसरून गेलो होतो. दादाने तिसऱ्या रकान्यात आधी माझे नाव लिहिले आणि मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली.