एक छंद आणि एक फाटलेलें चित्र

छंद ही वस्तु मोठी विलक्षण आहे. ती उपजीविकेच्या कामीं येत नाहीं, परीक्षेंत तिला गुण मिळत नाहींत, आणि तरीहि ज्याला ती लाभली त्याचा एकांत कधीं ओस पडत नाहीं. शिक्षकानें स्वतःच्या छंदांविषयीं विद्यार्थ्यांपुढें फारसें बोलूं नये असा संकेत आहे. परंतु गेल्या वर्षीं घडलेल्या एका प्रसंगामुळें तो मोडणें मला प्राप्त झालें आहे. माझा छंद विमानांचा; आणि त्यांतहि अशा एका विमानाचा, कीं जें मीं कधीं पाहिलें नाहीं व आतां कोणासहि पाहावयास मिळणार नाहीं.

या छंदाचें बीज माझ्या आजोबांनीं पेरलें. उद्योगशाळेंत लेथ चालविण्यास शिकून ते १९४३ सालीं बंगलोरच्या विमानांच्या कारखान्यांत फिटर म्हणून गेले. हा कारखाना सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यानें १९४० च्या डिसेंबरांत काढला होता. ज्या देशांत त्या काळीं मोटारगाडीहि संपूर्ण अशी बनत नव्हती, तेथें विमान बनविण्याचें मनांत आणणें हेंच केवढें धाडस! तरीहि ३१ जुलै १९४२ रोजीं तेथें तयार झालेलें पहिलें 'हॉक' जातीचें लढाऊ विमान आकाशांत चढलें. आजोबा गेले तेव्हां कारखान्याचा कारभार अमेरिकन सैन्याकडे आला होता व दुरुस्तीचें काम जोरांत चाललें होतें. पाण्यावर उतरणारीं 'कॅटलिना' विमानें त्यांच्या हाताखालून गेलीं; परंतु जुन्या कारागिरांच्या तोंडून ऐकलेली हॉकची कथा सांगतांना त्यांचे डोळे जसे चमकत, तसे इतर वेळीं चमकत नसत.

युद्ध संपल्यावर आजोबा कोल्हापुरास परतले व उद्यमनगरांतील एका कारखान्यांत आयुष्यभर लेथावर उभे राहिले. मी लहान असतांना रविवारीं दुपारीं ते मला सायकलवर पुढें बसवून उजळाईवाडीच्या विमानतळाकडे नेत. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, झालेला हा विमानतळ. बहुधा तेथें एकहि विमान नसे. वाऱ्यावर डुलणारें गवत पाहून आम्ही परत येत असूं. पण वाटेनें आजोबा जें सांगत, त्यानें माझें आकाश भरून जाई. उमेदवारी करणाऱ्या एखाद्या पोरावर कोणी मुकादम ओरडला, तर ते म्हणत, "अरे, हात चुकला तर काम पुन्हां करतां येतें, पोराचें मन मोडलें तर तें कोणत्या लेथावर चढवशील?"

पुढें शाळेंत असतांना जुन्या पुस्तकांच्या एका गाडीवर मला विमानांचें एक जीर्ण पुस्तक मिळालें, आणि त्यांत मला हॉकचें सगळें घराणेंच सांपडलें. हॉकचें इंजिन हवेनें थंड होणारें. त्याचीं सिलिंडरें चाकाच्या आऱ्यांसारखीं गोल मांडलेलीं. १९३८ सालीं अमेरिकेंतील कर्टिस कंपनीनें त्याच सांगाड्यावर द्रवानें थंड होणारें, दोन रांगांत बारा सिलिंडरें असलेलें इंजिन बसविलें, आणि 'पी-४०' हें विमान जन्मास आलें. युद्धकाळांत तशीं १३,००० हून अधिक विमानें बनलीं. परंतु त्यांत एक उणीव होती. उंचावर हवा विरळ होते, आणि पुरेशी हवा मिळाली नाहीं तर इंजिनाला धाप लागते. पन्हाळ्याचा चढ एका दमांत चढूं पाहणाऱ्याची जी गत, तीच या विमानाची पंधरा हजार फुटांच्या वर होत असे.

ही उणीव भरून काढण्यासाठीं युद्धाच्या उत्तरार्धांत कर्टिसनें याच घराण्याचा शेवटचा अवतार घडविला. त्याचें नांव 'एक्सपी-४० क्यू'. हवा दोन टप्प्यांत दाबून इंजिनास पुरविण्याची त्यांत योजना होती. पंख्याला चार पातीं होतीं, वैमानिकाभोंवतीं बुडबुड्यासारखी काचेची पारदर्शक घुमटी होती, आणि इंजिन थंड करणारे रेडिएटर हनुवटीखालून काढून पंखांत बसविले होते. त्याचा वेग तासाला ४२२ मैलांपर्यंत गेला. परंतु उशीर झाला होता. तितकींच किंवा त्याहून सरस दुसरीं विमानें तोंपर्यंत शेंकड्यांनीं बाहेर पडत होतीं. मोजक्या नमुन्यांपलीकडे एकहि मागणी आली नाहीं.

युद्ध संपल्यावर त्यांतलें एक विमान जो झिग्लर नांवाच्या वैमानिकाच्या हातीं आलें. १९४७ च्या सप्टेंबरांत, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यांत, क्लीव्हलंड येथें थॉम्पसन करंडकाची विमानशर्यत झाली. पात्रतेच्या चांचणींत हें विमान बसलें नव्हतें. तरीहि झिग्लरनें इतरांबरोबर तें उडविलें! (नियम मोडण्याचा हा भाग विद्यार्थ्यांनीं अनुकरणीय समजूं नये.) उंच खांबांना वळसे घालीत तें पुढच्या विमानांच्या पंक्तींत जाऊन पोंचलें. इतक्यांत इंजिनाला आग लागली. झिग्लर हवाई छत्रीच्या साहाय्यानें उडी घेऊन वांचला. विमान मात्र जमिनीवर आदळून नष्ट झालें. ज्याला युद्धांत कोणी विचारलें नाहीं, त्यानें एका दुपारीं आपलें सामर्थ्य जगाला दाखविलें आणि तेथेंच त्याचा शेवट झाला. त्या पानावरचें चित्र मीं किती वेळां वहींत उतरविलें असेल याची गणती नाहीं.

आतां तो प्रसंग. गेल्या वर्षीं व्याकरणाचा तास चालू होता. समास शिकवितांना मागच्या बांकावरील एक मुलगा मान खालीं घालून कांहीं रेखाटीत असलेला मला दिसला. मीं जवळ जाऊन वहींतील तें पान फाडलें, चुरगाळलें आणि टोपलींत टाकलें. वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं.

शाळा सुटल्यावर कां कोण जाणे, मीं तो बोळा उचलून उलगडला. तें एका लढाऊ विमानाचें चित्र होतें. हनुवटीखालचें हवेचें तोंड त्यानें आधीं काढून मग खोडलें होतें, आणि पंखाच्या मुळाशीं नवें तोंड काढलें होतें. मी खुर्चींत बसून राहिलों. बड्या कारखान्यांतील अभियंत्यांनीं ज्या वाटेनें विचार केला, तीच वाट तेरा वर्षांचा हा मुलगा चांचपडत होता. आणि मीं, आजोबांच्या नातवानें, तें पान फाडलें होतें!

दुसऱ्या दिवशीं मीं त्याला विचारलें, "तूं हें तोंड कां खोडलेंस?" त्याचे वडील एका फौंड्रींत काम करतात. तो भीतभीत म्हणाला, "सर, म्होरं असलं की वारं अडतंया न्हवं." मीं सर्व वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली, आणि व्याकरणाच्या तासाला चित्रें काढूं नयेत हेंहि त्याला सांगितलें, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या रविवारीं आम्हीं दोघांनीं मिळून तें पान खळीनें जोडलें. मीं त्याला हॉकची व त्याच्या दुर्दैवी वारसाची कथा सांगितली. ती ऐकून त्यानें एकच प्रश्न विचारला : "सर, आग कशानं लागली?" मला उत्तर देतां आलें नाहीं. आतां तें तो शोधीत आहे, आणि त्यासाठीं इंग्रजीच्या पुस्तकांतून शब्द शब्द लावीत आहे.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलाच्या वहीच्या कडेला कांहीं रेखाटलेलें दिसलें, तर रागावण्यापूर्वीं तें एकदां नीट पाहावें. मीं पाहिलें नाहीं. तें जोडलेलें पान माझ्या टेबलावरील कांचेखालीं आहे. त्यावरच्या सुरकुत्या मात्र अजून गेल्या नाहींत.