पाचशे ओंडके

शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला ताटाचा खेळ ठेवला होता. स्टीलच्या ताटात वीस वस्तू, वर रुमाल. रुमाल मिनिटभर उचलायचा, परत झाकायचा आणि मुलांनी आठवेल ते कागदावर लिहायचं. सतरा नावं लिहिणाऱ्या मुलाला कंपासपेटी मिळाली. कागद गोळा करताना एका मुलीचा कागद माझ्या हाती आला. तिने नऊच वस्तू लिहिल्या होत्या, पण अशा: किल्ली, तीन दातांची, एक दात झिजलेला. पेन, टोपण चावलेलं. सोऱ्याची चकती, बारीक शेवेची. बटण, चार भोकांचं, दोन भोकांत अजून दोरा. मी ताटाजवळ जाऊन बटण उचलून पाहिलं. दोरा होता.

हळदीकुंकवाला, सहलीच्या बसमध्ये, शाळेच्या शिबिरात हा खेळ इतका मुरलाय की तो आपलाच वाटतो. त्याचं नाव मात्र एका हेरकथेतून आलं. रुडयार्ड किपलिंगची ‘किम’ 1901 साली प्रसिद्ध झाली आणि 1908 मध्ये बेडन-पॉवेलने स्काउटांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘किमचा खेळ’ म्हणून तो घातला. कादंबरीत ताट आहे ते सिमल्याच्या लर्गन साहेबाच्या दुकानात आणि त्यात रत्नं आहेत. किम लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेला, डोळ्यांत तेल घालून जगणारा पोरगा. तो रंग सांगतो, संख्या सांगतो, आणि एखाददुसरं निसटतं. मग लर्गनकडचा छोटा मुलगा सुरू करतो: नीलम किती रत्तींचा, त्यातल्या कुठल्याच्या कडेचा टवका उडालाय, कुठल्या पिरोज्यात काळ्या रेषा आहेत. किम हरतो. पुन्हा खेळतो, पुन्हा हरतो. त्या दुकानातल्या मुलाला आमच्या सोसायटीतली ती मुलगी भेटायला हवी होती.

त्याच दुकानात आणखी एक प्रसंग आहे. लर्गन फुटलेल्या घागरीचे तुकडे किमच्या डोळ्यांदेखत जुळवून दाखवू पाहतो. नजरबंदीच ती. घागर सांधत चालल्यासारखी दिसायला लागते आणि किम घाबरून पाढ्यांना धरतो. बे त्रिक, तीन त्रिक असं मनात घोकत राहतो. घागर फुटलेलीच राहते. पाढ्यांचा इतका मोठा सन्मान मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही.

मुलांच्या हेरकथांत मला हीच पानं आवडतात, कुणीतरी गप्प बसून बघतंय, मोजतंय अशी. अँथनी होरोविट्झचा चौदा वर्षांचा अॅलेक्स रायडर 2000 सालापासून धावतोय. मुरुमांच्या मलमाच्या नावाखाली धातू खाणारं मलम त्याच्या खिशात असतं. ज्या मुलांना पुस्तक नकोसं होतं त्यांनाही या गोष्टी खिळवून ठेवतात आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या वाचून झाल्यावर मला काही करून बघावंसं वाटत नाही. ‘किम’ वाचली की जिन्याच्या पायऱ्या मोजाव्याशा वाटतात.

किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 मध्ये. वडील तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं त्यांनीच घडवलेली. पुढे ते लाहोरच्या संग्रहालयात गेले आणि ‘किम’ उघडते ती त्याच संग्रहालयासमोरच्या तोफेवर. या लेखकाला इंग्रजी सत्ता योग्य आहे की नाही हा प्रश्नच पडत नाही, ते मला आजही टोचतं. टोचतं म्हणूनच मी कादंबरीच्या मागे जी खरी माणसं होती त्यांच्याकडे वळते.

कुमाऊँमधल्या मिलमचा शाळामास्तर नैनसिंह रावत. तिबेट गुपचूप मोजून यावा म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याने त्याला डेहराडूनला ठरावीक मापाचं पाऊल टाकायला शिकवलं. मैलाला साधारण दोन हजार पावलं. त्याच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते आणि शंभर पावलांमागे एक मणी सरकायचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी टिपणांच्या चिठ्ठ्या. अशा चालीने तो 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. त्याला पुढे लंडनच्या भूगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. माझं मन मात्र किंथुपपाशी अडकतं.

किंथुप सिक्कीमचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रश्न असा होता की तिबेटमधून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो डोंगरांत दिसेनाशी होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा उतरते, त्या दोन्ही नद्या एकच का? त्याच सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन हार्मनने 1880 मध्ये एका चिनी लामाबरोबर किंथुपला पाठवलं. नदीत वरच्या अंगाला खुणेचे ओंडके सोडायचे आणि खाली आसामात माणसं पाळतीवर ठेवायची, असा बेत. लामाने वाटेत पैसे उधळले आणि एके दिवशी किंथुपला एका किल्लेदाराला गुलाम म्हणून विकून तो निघून गेला. किंथुप कित्येक महिने तिथे राबला. मग पळाला. पळून घराकडे यावं की नाही? तो नदीच्या काठाने पुढेच गेला. पाठलाग करणाऱ्यांनी त्याला मारपुंगच्या मठाशी गाठलं. तिथल्या मुख्य लामाच्या पाया पडून त्याने आपली कहाणी सांगितली आणि लामाने 50 रुपये मोजून त्याला विकत घेतलं. म्हणजे पुन्हा चाकरीच, फक्त धनी दयाळू. काही महिन्यांनी तीर्थयात्रेची रजा मागून किंथुप जंगलात गेला. तिथे त्याने फूटफूटभर लांबीचे पाचशे ओंडके तोडले, दडवून ठेवले आणि मठात परतला. पुन्हा रजा काढून ल्हासाला गेला, तिथे एका ओळखीच्या माणसाकडून पत्र लिहवून घेतलं: अमुक तारखेपासून रोज पन्नास ओंडके सोडीन. परत येऊन आणखी काही महिने सेवा केली. शेवटी लामाने त्याला मोकळं केलं. ठरल्या दिवसांत, दहा दिवस, रोज पन्नास ओंडके त्याने नदीत सोडले.

खाली कुणी नव्हतं. पत्र हार्मनच्या हाती पडलंच नाही. तो कधीच देश सोडून गेला होता. पाचशे ओंडके आसामातून कुणाच्या नजरेस न पडता बंगालच्या उपसागरात गेले असणार. 1884 मध्ये किंथुप परतला, सगळं तोंडी सांगितलं आणि त्यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी तयार नव्हतं. पुढे तो दार्जिलिंगला शिंपीकाम करत राहिला. 1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या दऱ्यांतून हिंडून आले, तेव्हा कळलं की धबधब्याचा एक घोटाळा सोडला तर त्याचं वर्णन जवळपास पानोपानी खरं होतं. तीस वर्षं त्याने ते डोक्यात जपलं होतं. बेलीने त्याला शोधून काढलं, निवृत्तिवेतनासाठी खटपट केली. सरकारने एकरकमी हजार रुपये दिले. त्यानंतर थोड्याच काळात तो गेला.

यावर मला मुलांसाठी मराठीत एक जाडजूड कादंबरी हवी आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवून कुठे कुठे पळवलं. त्यांच्या हातची ती वाचायला मिळाली असती तर किती बरं झालं असतं. आता दुसऱ्या कुणी लिहावी. हार्मन त्यात थोडका असू दे. ल्हासाचं प्रकरण ऐसपैस हवं: अक्षरओळख नसलेला माणूस गुप्त पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहवून घेतोय. तो दुसरा आपण सांगतोय तेच लिहितोय ना, हे ओळखायला त्याने त्या माणसाच्या चेहऱ्यावर, बोटांवर, थांबण्यावर काय काय पाहिलं असेल? आणि शेवटच्या दहा दिवसांना दहा प्रकरणं द्यावीत. नववा दिवस आठव्यासारखाच आहे म्हणून कुठल्याही संपादकाने तो कापू नये.