रोह्याचा ढग महाबळेश्वरला जात नाही

सरांनी माझं पत्र परत दिलं तेव्हा समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेले होते : ‘काय पाहायचं आहे?’

मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. प्रकल्पाला पाऊस हा विषय मी हट्टाने घेतला होता. पेणला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि जून उजाडला की घरात मूर्ती वाळताहेत की नाही यावाचून दुसरं बोलणं नसतं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली हे कळल्यापासून मला तिथे जायचंच होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंची. पावसाळ्यात ढग तिथे जमिनीला टेकतात, त्यामुळे विमानाशिवाय ढगाच्या आत उभं राहून मोजमाप करता येतं. एवढं मला माहीत होतं. पत्रात तेवढंच लिहून खाली भेटीच्या परवानगीची विनंती केली होती.

आठवडाभर मी त्या तीन शब्दांपाशी अडून होते. मग एक योजना सुचली. रोह्याला माझी आत्या राहते. तिच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक, पेणला आमच्या गच्चीवर दुसरा. समुद्रावरून आलेला ढग आधी आमच्यावर बरसणार, मग सह्याद्री चढून महाबळेश्वरला पोहोचणार. पायथ्याचा पाऊस आणि माथ्याचा पाऊस ताडून बघायचा.

सरांनी मला भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं आणि हातात पट्टी दिली.

“पावसाळ्यात आपल्याकडे वारा कुठून येतो?”

“पश्चिमेकडून. जरा नैऋत्येकडे कललेला.”

“मग पट्टी रोह्यावर ठेव आणि वाऱ्याबरोबर चाल.”

पट्टी भिऱ्यावरून ताम्हिणीला गेली. पेणवर ठेवली, तर खोपोली आणि खंडाळा आला. महाबळेश्वर पट्टीच्या किती तरी खाली, दक्षिणेला राहिलं. तिथून वाऱ्याच्या उलट मागे यायचं तर पहिलं गाव लागत होतं पोलादपूर.

“रोह्याचा ढग महाबळेश्वरला जात नाही गं,” सर म्हणाले.

घरी येऊन मी कारखान्यात बसले. बाबा समोरच्या मूर्तीवर ओला हात फिरवत होते. पश्चिमेची खिडकी बंद होती. जूनपासून ती बंदच असते, झड येते म्हणून. दारावरचं पत्र्याचं झापही पश्चिमेलाच. वारा कुठून येतो ते या घराने मला लहानपणापासून दाखवलं होतं, आणि नकाशा हातात आल्यावर मात्र मी पेणपासून महाबळेश्वरपर्यंत सरळ रेघ ओढली होती. गाडीरस्ता त्या बाजूने जातो, म्हणून ढगही त्याच बाजूने जात असेल असं मी धरून चालले होते.

पेण-रोह्याचे मापक तरीही लावायचे असं सरांनी सांगितलं. मोजायची सवय लागायला हवी. त्या सवयीतच पुढचं सगळं शिकले.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडे हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. आत्याला हे पटेना. “अगं, रात्री दहाला पडलेला पाऊस उद्याचा कसा?” असं ती पहिले चार दिवस विचारत होती. पाचव्या दिवसापासून ती साडेआठचा ठोका पडायच्या आत गच्चीवर उभी असे आणि वहीत तारीख, मिलिमीटर आणि वाऱ्याचा शेरा लिही. तिने एकही दिवस चुकवला नाही.

दुसरी गोष्ट बाटलीची. आमच्या मापकाच्या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटीमीटर आणि खालची बाटली चार लिटरची. म्हणजे एक मिलिमीटर पावसाला वीस मिलिलिटर पाणी, आणि २०० मिलिमीटर झाले की बाटली काठोकाठ. मला वाटलं, पुरे. जुलैत रोह्याला एका रात्री बाटली भरून वाहिली. वहीत त्या तारखेपुढे आकड्याऐवजी ‘वाहिली’ एवढंच आहे. म्हणजे नेमकं ज्या दिवशी मोजायला हवं होतं, त्याच दिवसाचा आकडा माझ्याकडे नाही.

त्यानंतर मी महाबळेश्वरचा एक आकडा काढून हिशेब केला. २३ जुलै २०२१च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माझ्या नरसाळ्याखाली तो जवळजवळ बारा लिटर भरला असता. त्याच पावसात, २२ जुलैला, महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. तोवर ५९४ हा माझ्यासाठी नुसता विक्रम होता. बारा लिटर पाणी डोळ्यांसमोर आलं तेव्हा पायथ्याला मापक का हवा हे मला सरांनी सांगावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट मैद्याची. थेंबाचा आकार मोजायची एक जुनी रीत आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटलीने ती वापरली आणि १९०४ साली प्रसिद्ध केली. परातीत इंचभर मैदा सैल पसरायचा, झाकण ठेवायचं, पावसात नेऊन दोन-चार सेकंद उघडायचं आणि परत झाकायचं. जिथे थेंब पडला तिथे मैद्याची गोळी होते. गोळ्या वाळल्या की चाळून वेगळ्या करायच्या. कुठली गोळी केवढ्या थेंबाची हे ठरवायला माहितीतल्या मापाचे थेंब आधी मैद्यात पाडून बघायचे. मी औषधाच्या ड्रॉपरने पाडले. एका मिलिलिटरला वीस थेंब, म्हणजे एकेक थेंब साधारण साडेचार मिलिमीटर व्यासाचा. आईने जुनी चाळणी आणि परात दिली. पेणच्या गच्चीवर एका दुपारी धो धो सरीत परात उघडली आणि दुसऱ्या दिवशी भुरभुर चालू असताना पुन्हा. वाळलेल्या गोळ्या दोन कागदांवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीकडे तूरडाळीएवढ्या, दुसरीकडे मोहरीहून बारीक. दोन्हीला आपण पाऊसच म्हणतो. मी किती तरी वेळ त्या कागदांकडे पाहत बसले होते.

त्या कागदांनी मला प्रश्न दिला. ढगातला बिंदुक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला तसे दहा लाख बिंदुक एकत्र यावे लागतात. घाटमाथ्यावरचे बरेच पावसाळी ढग उथळ असतात, बर्फ होण्याच्या उंचीपर्यंत पोहोचतही नाहीत, आणि तरी तिथे दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही. मग पायथ्याला पडणारा थेंब आणि माथ्यावर पडणारा थेंब एकाच मापाचे असतात का? महाबळेश्वरला डिस्ड्रोमीटर आहे. पडणाऱ्या प्रत्येक थेंबाच्या धक्क्यावरून ते यंत्र त्याचा आकार काढतं. माथ्याचं उत्तर तिथे आहे. पायथ्याचं मला न्यायचं आहे.

नवं पत्र अर्ध्या पानाचं झालं. त्यात प्रश्न, माझ्या दोन गच्च्यांच्या नोंदी, मैद्याची रीत आणि कोणत्या तारखांची थेंबांची माहिती हवी ते लिहिलं. सरांनी वाचलं आणि सही केली.

बाकीची तयारी सांगण्यासारखी फार नाही. जुलैचा पहिला आठवडा धरला आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटर. दरड आली तर तो घाट बंद होतो, म्हणून खोपोली-पुणे-वाई-पाचगणी हा लांबचा रस्ताही लिहून ठेवला आहे आणि त्यासाठी एक दिवस जास्तीचा ठेवला आहे. कागद भिजू नयेत म्हणून पेन्सिल, मैद्यासाठी घट्ट झाकणाचे डबे. बाटल्या या वेळी दहा लिटरच्या, आणि मोठ्या पावसाच्या दिवशी संध्याकाळीही एकदा वाचन.

एकच जागा अजून रिकामी आहे. पेणला मी आहे, रोह्याला आत्या आहे, पोलादपूरला कोणी नाही. आंबेनळीच्या पायथ्याला कुणाचं उघडं अंगण असेल, वर झाडाची फांदी किंवा पागोळी येत नसेल, आणि १ जूनपासून रोज सकाळी साडेआठला पाच मिनिटं द्यायची तयारी असेल, तर संपादकांकडे कळवा. मापक, बाटली आणि वही मी घेऊन येईन.