आधी धुराची वाट

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

घरात विस्तव ठेवायचा तर आधी धुराची वाट ठरते, मग विस्तवाची जागा, आणि सर्वांत शेवटी तो कशात पेटवायचा ते. दुकानात हा क्रम उलटा होतो. तिथे काचेमागची ज्योत दिसते, मॉडेल दिसते, हप्ता दिसतो. धुराडे कोणी दाखवत नाही. जुन्या घरातली फायरप्लेस तशीच वापरावी, लाकडाचा स्टोव्ह बसवावा की अंगणात फायर पिट करावा, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच धुराड्यापासून सुरू करावे लागते.

पण त्याआधी, पाठवलेल्या फोटोत दिसलेली आणि या तिन्हींत न बसणारी एक गोष्ट निकालात काढणे भाग आहे. वीज गेलेल्या रात्री बैठकीत गालिच्यावर चार विटा मांडून ठेवलेले कोळशाचे घमेले, भोवती मुले, आणि फोटोखाली ओळ: ‘धूर अजिबात होत नाही.’ धूर होत नाही, हीच त्यातली भीती आहे. लाकूड पेटते तेव्हा डोळे झोंबतात, ठसका लागतो, माणूस आपणहून दार उघडतो. कोळशातले धुराचे घटक भट्टीतच उडून गेलेले असतात. मागे उरतो तो जवळपास निव्वळ कार्बन. निखाऱ्यांच्या तळाशी हवा पुरेशी असते, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर येताना लालबुंद निखाऱ्यांतून जातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. रसरसलेल्या शेगडीवर निळसर ज्योत थरथरताना दिसते, तो हाच वायू पेटलेला असतो. शेगडी मंदावली, निखाऱ्यांवर राखेचा पापुद्रा धरला, की ती निळी ज्योत जाते. वायू निघणे मात्र थांबत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी घरातली माणसे ‘आता विझतच आली’ म्हणून पांघरूण ओढून झोपतात.

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. त्याला वास नाही, रंग नाही. जागा असलेल्याचे डोके जड होते, मळमळते, सर्दीतापाची सुरुवात असावी असे वाटते. झोपलेल्याला तेवढेही कळत नाही. तात्यांच्या माडीवरची पौषातली ती शेगडीची रात्र ज्या घराने पाहिली, त्या घरातल्या लेकीला हे लिहून कळवावे लागावे, याचे फार वाईट वाटले. जावईबापूंनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले आहे. निदान त्यांनी तरी ते घमेले उंबऱ्याबाहेर ठेवायचे होते.

आजोळी स्वयंपाकघरात आयुष्यभर शेगडी होती, तेव्हा कोणाला काय झाले, हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. ते घर मंगलोरी कौलांचे होते. कौलांच्या फटींतून आभाळ दिसे, मागचे दार दिवसभर उघडे असे, आणि भिंत छपराला भिडण्याआधीच वीतभर जागा मोकळी सुटलेली असे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातले घर थंडीसाठीच बांधलेले असते: दुहेरी काचा, भिंतींत उष्णतारोधक थर, दाराच्या कडांना रबर. तिथे आत सोडलेला वायू आतच साठतो. त्या राज्यात घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र सक्तीचे करणारा अमांडा कायदा 2010मध्ये लागू झाला. मैत्रिणीकडे रात्री झोपायला गेलेली एक मुलगी त्या घरातल्या बिघडलेल्या बॉयलरमुळे दगावली, तिच्या नावाचा तो कायदा आहे. यंत्र प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवे. धाकटा तळघरात झोपतो, तर तिथेही हवे.

आता फायरप्लेस. विटांची उघडी फायरप्लेस डोळ्यांना जेवढे सुख देते तेवढी ऊब देत नाही. तिची कार्यक्षमता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. बाकीची उष्णता धुराड्याने निघून जाते. शिवाय ती एकटी जात नाही. रुंद तोंडातून खोलीतली गरम हवाही वर ओढली जाते आणि तिच्या जागी दारेखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोल्या आधीपेक्षा गार होतात. विस्तव नसतानाही डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, उघडा राहिला तर हीच गळती रात्रभर चालू राहते. आणि निखारे पुरते विझण्याआधी डॅम्पर लावला, तर घमेल्याचीच गोष्ट पुन्हा घडते.

या दोषावर अडीचशे वर्षांहून अधिक काळ शहाण्या माणसांनी डोके चालवले आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1744मध्ये आपल्या ‘पेन्सिल्व्हेनियन फायरप्लेस’ची पुस्तिका छापली. लोखंडी पेटी, तिच्यात हवा तापवणारे कप्पे, अशी ती योजना होती. तिचे पेटंट त्याने घेतले नाही. पण तिच्यात धुराला मागच्या बाजूने आधी खाली उतरून मग धुराड्यात चढावे लागे. धुराडे तापलेले नसले की तो खोलीतच परते. पुढे इतरांनी ती वाट सरळ केली, तेव्हा कुठे तो स्टोव्ह चालू लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या आणि पुढे युरोपात काउंट रमफर्ड झालेल्या बेंजामिन थॉम्पसनने 1796च्या निबंधात दुसरा मार्ग दाखवला. त्याने चुलाणाची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे उष्णता खोलीकडे परतते, आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. लंडनमधल्या घराघरांतून त्याप्रमाणे दुरुस्त्या झाल्या. दोघांच्या कामातून एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. पेटी कितीही हुशारीने केली, तरी धूर आपली वाट सोडत नाही.

आपल्याकडेही हेच झाले. केंद्र सरकारने 1983मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि निर्धूर चूल महाराष्ट्रात खेडोपाडी पोचली. दोन वैलांची ती चूल चांगली होती. पण नळी काजळीने तुंबली की ती झाडायची कोणी, हे ज्या घरात ठरले नाही त्या घरात धूर पुन्हा बाईच्या डोळ्यांत जाऊ लागला. आजीचे डोळे शेवटी कशाने गेले, हे निराळे सांगायला नको. वस्तू आणली की काम झाले असे मानणारी माणसे धुराड्याकडे मान वर करून पाहत नाहीत, आणि त्याची किंमत ती वस्तू रोज वापरणाऱ्याला मोजावी लागते. हा मुद्दा विचारलेल्या प्रश्नाबाहेरचा वाटेल. तो बाहेरचा नाही.

बंद स्टोव्हचे तत्त्व उघड्या चुलाणाच्या उलट आहे. ओतीव लोखंडाच्या किंवा पोलादी पत्र्याच्या पेटीला काचेचे घट्ट दार असते आणि हवा मोजूनमापून आत सोडली जाते. लाकडातून निघणारे वायू सुमारे 600 अंश सेल्सिअसला पेट घेतात. जुन्या पेट्यांत ते न जळताच वर जात. नव्या स्टोव्हमध्ये वरच्या नळ्यांतून तापलेली हवा सोडून ते तिथेच जाळले जातात, किंवा उत्प्रेरकाची जाळी बसवून कमी तापमानालाही जाळले जातात. म्हणून चांगल्या स्टोव्हची कार्यक्षमता सत्तर टक्के आणि त्याहूनही वर जाते. ईपीए या अमेरिकेच्या केंद्रीय संस्थेने 2020पासून नव्या स्टोव्हला ताशी 2 ग्रॅम धूलिकणांची मर्यादा घातली आहे. फोडलेल्या लाकडावर चाचणी घेतली असेल तर 2.5 ग्रॅम. ईपीएचा शिक्का नसलेला जुना स्टोव्ह कोणी फुकट दिला तरी आणू नये.

मोठा स्टोव्ह घेण्याचा मोह फार होतो. तो आवरायला हवा. गरजेपेक्षा मोठ्या स्टोव्हने खोली तापून नकोशी होते, मग हवा कमी करून तो धुमसत ठेवला जातो. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर गार असतो. तो धुराड्याच्या भिंतीवर थिजतो आणि क्रिओसोट नावाचा काळा, डांबरासारखा थर धरतो. हा थर एके दिवशी आतल्या आत पेट घेतो. अशा आगीचे तापमान 1,000 अंशांच्या वर जाऊ शकते. विटांना तडे जातात आणि पलीकडच्या लाकडी वाशांपर्यंत आग पोचते. अमेरिकेतली घरे आतून लाकडाच्या सांगाड्याची असतात, हे तिथे राहणाऱ्यांनाच विसरायला होते.

फायरप्लेस आधीच असलेल्या घरात तिच्या पोकळीत बसणारा स्टोव्ह, म्हणजे इन्सर्ट, हा सर्वांत योग्य पर्याय ठरतो. मात्र त्याच्या नळीला धुराड्यात तसेच मोकळे सोडून चालत नाही. उघड्या चुलाणासाठी बांधलेले धुराडे रुंद असते; इन्सर्टचा थोडा धूर त्यात पसरतो, गार होतो आणि थिजतो. म्हणून स्टेनलेस स्टीलची नळी थेट वरच्या टोकापर्यंत न्यावी लागते. कंत्राटदार खर्च कमी करण्यासाठी हीच गोष्ट गाळू पाहतात. ती गाळू देऊ नये. धुराड्याची उंचीही पाहावी: छपरातून वर येते तिथे निदान 3 फूट, आणि 10 फुटांच्या परिसरातल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा 2 फूट उंच. एवढी उंची नसली तर वारा धूर उलटा घरात ढकलतो. स्वतंत्र उभा स्टोव्ह घेतला तर कंपनीच्या कागदावर भिंतीपासूनचे अंतर दिलेले असते; ते नसेल तर पेट घेऊ शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून 3 फूट हे अंतर धरतात. सोफा, पडदे आणि कोपऱ्यातला देव्हारा, सगळे त्यात आले.

जळण हा निम्मा स्टोव्हच असतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, आणि ते पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते. लाकूड फोडून, वर झाकून, बाजूंनी वारा लागेल असे रचून निदान सहा महिने ठेवावे; ओकला दोन उन्हाळे लागतात. ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते. ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूला त्याचे काटे टोचावेत, आकडा 20 टक्क्यांच्या आत हवा. दोन सुकी लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात, ओली बद्द वाजतात. आजी सरपण असेच पारखून घ्यायची. कॅम्पिंगहून उरलेले लाकूड गाडीत घालून घरी आणण्याची सवय सोडावी. लाकडातून अॅश झाडे पोखरणारी हिरवी कीड पसरते, म्हणून प्रक्रिया न केलेले जळण मूळ जागेपासून 50 मैलांपलीकडे नेण्यास न्यूयॉर्क राज्यात बंदी आहे. राख काढली की ती झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी. राखेत निखारा कित्येक तास, कधी काही दिवसही जिवंत राहतो.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह स्वच्छ जळतो, पण त्याचा पंखा आणि गोळ्या ढकलणारा स्क्रू विजेवर फिरतो. वादळात वीज गेली की तोही थांबतो. गॅसची फायरप्लेस घ्यायची तर बंद काचेची, हवा बाहेरून घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी घ्यावी. धुराड्याशिवायची गॅसची फायरप्लेस कॅलिफोर्नियात चालत नाही, कॅनडात चालत नाही, आणि न्यूयॉर्क राज्यात कायद्याने चालत असली तरी घरात नको. टेबलावर ठेवायच्या अल्कोहोलच्या शोभिवंत शेगड्या तर मुले असलेल्या घरात मुळीच नकोत. त्यांची ज्योत उजेडात दिसत नाही, विझली समजून वरून इंधन ओतले की भडका बाटलीपर्यंत येतो. साठलेले अल्कोहोल उघडे जाळणाऱ्या अशा शेगड्या वापरणे थांबवा, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने डिसेंबर 2024मध्ये दिला आहे.

अंगणातला फायर पिट म्हणजे आपली आगटीच, आणि तिथे धुराला आभाळ मोकळे असते. तरी नियम आहेत. घर, कुंपण आणि झाडाच्या फांद्यांपासून निदान 10 फूट अंतर हवे. गावाचा नियम जास्त सांगत असेल तर तो पाळावा. लाकडी डेकवर लाकडाचा विस्तव नको. ओढ्यातले गोल दगड शोभेसाठी कडेला लावू नयेत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. दुहेरी भिंतीच्या पोलादी कुंड्यांत वरच्या भोकांतून गरम हवा येऊन धूर बराचसा जळतो. शेजाऱ्याच्या खिडक्या जवळ असतील तर तशीच कुंडी घ्यावी. आपल्या विस्तवाचा धूर दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, ही अपेक्षा वाजवी आहे. लंडनमध्ये डिसेंबर 1952च्या धुरक्यात हजारो माणसे मेली तेव्हा ब्रिटनने 1956चा स्वच्छ हवेचा कायदा केला; माँट्रियलने 2018पासून ताशी 2.5 ग्रॅमहून जास्त धूलिकण सोडणारी लाकडाची उपकरणे बंद केली. झोपण्याआधी फायर पिटवर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतावे.

पैसे खर्च करण्याचा क्रम असा: प्रथम सूचना देणारी यंत्रे, मग प्रमाणित माणसाकडून, कॅमेरा आत सोडून, धुराड्याची तपासणी, जी घर विकत घेताना व्हायलाच हवी होती, मग पोलादी नळी, मग इन्सर्ट, मग पुढच्या वर्षाचे लाकूड. फायर पिट उरल्या पैशांत. धुराडे दरवर्षी थंडीआधी तपासून घ्यायचे. पहिली दोन कामे याच आठवड्यात करून घ्यावीत आणि झाल्याचे फोनवर कळवावे, रात्र असली तरी चालेल. तोपर्यंत त्या घरात काहीही पेटू नये.

मुलांना गोड पापा.

मामा